शाळेतल्या मुलांना कामाच्या अनुभवासाठी जागा शोधून देणारं अ‍ॅप : घोडं अडतंय कुठे?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं मिळून फावल्या वेळात एक अ‍ॅप करतोय. नववी ते बारावीच्या मुलांना आठवडा-दोन आठवडे एखाद्या ठिकाणी जाऊन काम जवळून बघता यावं, जमलं तर हाताळता यावं, म्हणून जागा शोधून देणारं. नोकरी नाही, पगार नाही. प्राण्यांचा दवाखाना, छापखाना, वर्कशॉप, वकिलाचं ऑफिस, रोपवाटिका, काहीही. मुलाने आवड टाकायची, जवळच्या जागा नकाशावर दिसणार, अर्ज करायचा, तिकडून होकार आला की शाळेला आणि पालकांना निरोप.

अ‍ॅप दिसायला देखणं झालंय, हे मीच सांगते. अडचण वेगळीच आहे. एका शाळेत करून बघितलं. पहिल्या आठवड्यात अठ्ठेचाळीस मुलांनी नावं नोंदवली. जागा आल्या सहा. त्यातल्या चार आमच्याच नातेवाइकांच्या.

तेव्हापासून आम्ही बटणांचे रंग बदलतोय. मला आता खात्री वाटायला लागलीय की आम्ही चुकीच्या दारावर टकटक करतोय. ज्यांनी मुलांना असं कुठे पाठवलंय, ज्यांच्याकडे मुलं आलीयत, किंवा जे स्वतः जाऊन आलेत, त्यांनी जरा सविस्तर लिहाल का? कौतुक नको, चुका सांगा.

फुरसतराव

वाचतोय. नातेवाइकांच्या चार जागांवर हसलो, पण ते फिदीफिदी नव्हतं. आमच्याही प्रत्येक उपक्रमाची सुरुवात अशीच होते.

कोपऱ्यातली

'कार्यानुभव' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर घोटीव कागदाची फुलं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईने पूर्ण केलेलं भरतकाम येतं. गंमत म्हणजे कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा शब्द आणला तेव्हा त्यांच्या मनात शेत, कार्यशाळा, कारखाना असं खरं उत्पादक काम होतं. शाळेपर्यंत पोचेस्तोवर त्याची फुलं झाली. आता २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकायला जायचं म्हटलंय. कल्पना चांगली आहे. पण सुताराला कोणी विचारलंय का, की बाबा रे, तुझ्याकडे चाळीस मुलं आली तर तू काय करशील?

तुमच्या अ‍ॅपचा प्रश्न मला तोच वाटतो. मुलांची बाजू लिहायला सगळे तयार असतात. सुताराची बाजू कोण लिहिणार?

खिळेमोळे

मी लिहितो सुताराची बाजू. सुतार नाही, माझं छोटं मशीन शॉप आहे, सात माणसं.

असल्याच एका अ‍ॅपवर (तुमचं नव्हे, दुसरं) मी नाव घालायला गेलो होतो. दुपारची वेळ, हाताला ऑइल, कोपराने फोन धरलेला. पहिल्या पानावर नाव-पत्ता ठीक. दुसऱ्या पानावर 'संस्थेचे ध्येयवाक्य'. तिसऱ्यावर 'विद्यार्थ्याने साध्य करावयाची किमान तीन शिक्षण-उद्दिष्टे'. चौथ्यावर दोन आठवड्यांचं दिवसवार नियोजन, आणि ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी पुढे गेलोच नाही. तो अर्धवट अर्ज अजून मला दर सोमवारी आठवण पाठवतो.

माझ्यासारख्याला तीनच प्रश्न असतात. पोरगं कधीपासून कधीपर्यंत येणार? काही झालं तर फोन कोणाला करायचा, आणि तो माणूस उचलणार का? बोट कापलं तर जबाबदारी कोणाची? या तिघांची उत्तरं आधी तुम्ही मला द्या. मग मी तुम्हाला जागा देतो. सगळी अ‍ॅपं उलटं करतात, आधी मलाच प्रश्नपत्रिका देतात.

आता चांगली गोष्ट. एका शिक्षकाच्या ओळखीने एक पोरगा आला होता, दहावीचा. पहिले दोन दिवस नुसता उभा. काय द्यावं कळेना, मशीनला तर हात लावू देणार नव्हतो. तिसऱ्या दिवशी त्याला व्हर्नियर दिला आणि बारा मिलिमीटरच्या पिनांचे ट्रे दिले, म्हटलं मोजून वहीत लिही. वर-खाली ०.०५ चालतं. तासाभराने आला आणि म्हणाला, "काका, सगळ्या चालण्यासारख्याच आहेत, पण शेवटच्या ट्रेमध्ये १२.००, १२.०२, १२.०२, १२.०४ अशा वाढत चालल्यात." लेथवरचं इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, झिजत होतं. टोक झिजलं की कमी माल निघतो आणि व्यास वाढत जातो. आणखी थोड्या वेळाने माप हाताबाहेर गेलंच असतं. माझ्या ऑपरेटरने वही बघितली, पोराकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून त्याला शेजारी उभं करून घेतलं.

हे नियोजनाच्या चौथ्या पानावर मी काय म्हणून लिहिणार होतो?

सुईदोरा

खिळेमोळे, आमच्या अर्जात ध्येयवाक्य नाहीये. पण उद्दिष्टं आहेत. तीनच. किमान. (मान खाली घालून लिहितेय.)

रोखठोक

कोणीतरी वाईटपणा घ्यायला हवा म्हणून मी घेतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना फुकट कामाला पाठवायचं आणि त्याला अनुभव म्हणायचं, ही बालमजुरीला लावलेली कल्हई नाही का? त्या पोराने मापं घेऊन दुकानाचा माल वाचवला. त्याला काय मिळालं?

कलमबहाद्दर

रोखठोक, प्रश्न रास्त आहे आणि कायद्यानेही तो विचारलेला आहे. किमान वयाबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३चा १३८ क्रमांकाचा करार शाळेत किंवा प्रशिक्षणसंस्थेत शिक्षणाचा भाग म्हणून केलेल्या कामाला वेगळं काढतो. पण 'शिक्षणाचा भाग' हे शब्द तिथे शोभेला नाहीत. शाळेचा संबंध तुटला की ते नुसतं काम उरतं. जर्मनीत शाळकरी मुलांची अशी प्रात्यक्षिकं नेहमीची आहेत. तिथला तरुण कामगार संरक्षण कायदा शिक्षण सक्तीच्या वयातल्या मुलांना त्या काळात फक्त हलकी, झेपणारी कामं करू देतो, तीही दिवसाला सात आणि आठवड्याला पस्तीस तासांच्या आत. भारतात २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक कामांची बंदी आहे, आणि चौदाच्या आतल्यांना, घरचा उद्योग आणि बालकलाकार हे अपवाद सोडता, कामाला ठेवताच येत नाही.

तेव्हा धागाकर्तीला माझं सांगणं: वय आणि तास या गोष्टी सूचनांच्या पानावर ठेवू नका, अ‍ॅपच्या हाडात घाला. अठराच्या खालचं मूल फाउंड्रीला अर्ज करूच शकणार नाही, असं. आणि त्याच ठिकाणी लागोपाठ मुलं जात राहिली, एक गेलं की दुसरं, तर कोणाला तरी शंका यायला हवी. तिथे माणूस कमी ठेवून पोरांवर भागवणं चाललंय.

रोखठोक

लागोपाठवाला मुद्दा मला सुचला नव्हता. मान्य.

परदेशीपाखरू

आम्ही फ्रान्समध्ये राहतो. इथे चौदा-पंधराच्या मुलांना, म्हणजे 'त्र्वाझिएम' या वर्गात, एक आठवडा एखाद्या कामाच्या ठिकाणी जाऊन निरीक्षण करणं २००५पासून सक्तीचं आहे. २०२४च्या जूनपासून त्याच्या पुढच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना आणखी दोन आठवडे लावलेत. ज्यांना वाटतं की सक्ती केली की जागा मिळतात, त्यांच्यासाठी आमच्या घरची हकिगत.

लेकीने सतरा ठिकाणी मेल केले. उत्तर दोन ठिकाणांहून आलं, दोन्हीकडून नकार. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं वास्तुविशारदाचं ऑफिस, तिला काही शोधावंच लागलं नाही. एकाची मावशी रेडिओवर. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या मुलांना मावश्या नसतात, निदान रेडिओवर तरी. शेवटी लेक एका इमारतीच्या स्वागतकक्षात पाच दिवस बसली. पाहुण्यांच्या वहीत नावं लिहिली. शाळेने मागितलेल्या अहवालात तिने लिहिलं, "मी कामाचे ठिकाण पाहिले." तेवढंच खरं होतं.

म्हणजे जो आठवडा सगळ्या मुलांना सारखी संधी द्यायला काढला, तोच आई-बापांच्या ओळखी मोजायची परीक्षा होऊन बसला. सुईदोराताई, तुमच्या चार नातेवाइकांवर मी हसले नाही. त्या चार जागा कोणाला गेल्या, एवढं फक्त सांगा.

सुईदोरा

परदेशीपाखरू, बघितलं आत्ता. चारपैकी तीन जागा आमच्या ओळखीच्याच घरांतल्या मुलांना गेल्यात. आम्ही मुद्दाम काही केलं नाही. त्यांना आधी कळलं, त्यांनी आधी अर्ज केला. अ‍ॅपचा नियमच तसा आहे, पहिला येईल त्याला. तो नियम मीच लिहिला होता.

गणिती_घुबड

इथे मला राहवत नाही. पहिला येईल त्याला हा नियम म्हणजे ज्याच्याकडे चांगला फोन आणि मोकळी दुपार, त्याला. तो काढाच.

मुलांच्या पसंतीचा क्रम घ्यायचा, जागांच्या पसंतीचा क्रम घ्यायचा आणि जोड्या लावायच्या, हा प्रश्न गेल आणि शॅप्ली या दोघांनी १९६२ मध्ये सोडवून ठेवलाय. सगळी मुलं पहिल्या पसंतीकडे अर्ज करतात. जागा त्यातलं आपल्याला सर्वात पटणारं मूल तात्पुरतं धरून ठेवते, बाकीच्यांना नाही म्हणते. नाकारलेली मुलं पुढच्या पसंतीकडे जातात. तिथे आधी धरलेल्यापेक्षा जास्त पटणारं कोणी आलं, तर आधीचं सुटतं. असं कोणी हलायचं थांबेपर्यंत. शेवटी अशी एकही जोडी उरत नाही की दोघांना एकमेकं हवी होती आणि तरी ती लागली नाहीत. याला स्थिर जोडणी म्हणतात. मुलांनी अर्ज करायचे असतील तर स्थिर जोडणीत मुलांना मिळू शकणारं सर्वोत्तम मिळतं, आणि पसंतीक्रम खोटा लिहून कुठल्याच मुलाचा फायदा होत नाही. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालयं नेमून देणारी व्यवस्था १९५२पासून याच जातीच्या पद्धतीवर चालते. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल या विषयासाठी मिळालं. चाळीस ओळींचा प्रोग्रॅम आहे, मी रविवारी लिहून देतो.

खिळेमोळे

घुबडसाहेब, अठ्ठेचाळीस पोरं आणि सहा जागा. तुमच्या चाळीस ओळी सातवी जागा कुठून आणणार?

गणिती_घुबड

नाही आणणार. उलट, तुमच्या बाजूने पुरावाच देतो. याच गणितात एक प्रमेय आहे, ग्रामीण रुग्णालयांचं प्रमेय म्हणतात. पसंतीक्रम दिलेले असताना स्थिर जोडणी कशीही लावा, ज्यांना काहीच मिळत नाही ती मंडळी प्रत्येक जोडणीत तीच असतात. दूरच्या गावच्या रुग्णालयांना डॉक्टर मिळत नाहीत, तर जोडणीची पद्धत बदलून काही होईल का, असा प्रश्न होता. उत्तर आलं, नाही. तिथली कामाची परिस्थिती बदला, म्हणजे लोकांचे पसंतीक्रम बदलतील. पद्धत न्यायाने वाटते, वाढवत नाही.

तरीही न्यायाने वाटायलाच हवं. पहिला येईल त्याला काढा. सहा जागांसाठी सरळ चिठ्ठ्या टाकल्या तरी चालेल.

खडूफळा

मी अठरा वर्षं शिकवतेय, त्यातली सहा हे काम अंगावर आहे. इंग्लंडमध्ये. इथे चौदा ते सोळाच्या मुलांना कामाशी निगडित शिक्षण देणं हे शाळांवर कायद्याने बंधनकारक होतं, ते २०१२ मध्ये काढलं. त्यानंतर जिथे कोणी झपाटलेला शिक्षक होता तिथे ते चालू राहिलं, बाकी ठिकाणी विरत गेलं. २०१४ मध्ये गॅट्सबी या संस्थेचे शाळांतल्या करिअर मार्गदर्शनाचे आठ निकष आले, त्यातला सहावा प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या अनुभवाचा. तेव्हापासून पुन्हा धावपळ.

मी जागा कशा मिळवते ते सांगते. अ‍ॅपने नाही, आमच्याकडे दोन होती. फोनने. आणि दरवेळी त्याच ओळखीच्या माणसाला करते. माझ्याकडे एक फाटकी वही आहे. तिच्यात कंपनीचं नाव बारीक आणि माणसाचं नाव ठळक. कारण कंपनी कधी 'हो' म्हणत नाही, कंपनीतली एक बाई 'हो' म्हणते. तिची बदली झाली की जागा गेली. वहीत तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, 'मार्चमध्ये फोन नको, हिशेबाची गडबड', 'बोलकं मूल पाठवू नये, रेकॉर्डिंग चालतं', 'मागच्या वर्षी आपला मुलगा न सांगता गैरहजर, आधी माफी'. तुमच्या अ‍ॅपला हा तिसरा रकाना असेल तर मी उद्या वही टाकून देते.

आणि एक. मूल परत आल्यावर त्या माणसाला कोणी आभाराचा फोन करत नाही. आपण मुलाकडून पाच तारे मागतो, त्या माणसाला मात्र मूल पुढे काय करतंय ते कधी कळत नाही. पुढच्या वर्षी तो 'बघू' म्हणतो. 'बघू'चा अर्थ आपल्याला माहीत आहे.

दारावरची_घंटा

मी सतरा वर्षांची आहे, इथे बहुतेक सगळ्यांत लहान. मी मागच्या वर्षी जाऊन आले म्हणून लिहितेय.

जागा अ‍ॅपवरून मिळाली. सकाळी पावणेनऊला दारात उभी. आतल्या बाईंनी विचारलं, "कोण हवंय?" माझ्याकडे कोणाचंच नाव नव्हतं, फक्त ऑफिसचं. मी फोन काढून अ‍ॅपमधला हिरवा शिक्का दाखवला, 'निश्चित'. त्या म्हणाल्या, "आम्हाला तर काहीच माहीत नाही गं." ज्यांनी होकार दिला होता ते सुट्टीवर होते. मी दोन तास खुर्चीत बसले. मग कोणीतरी मला झेरॉक्सपाशी नेलं आणि आठवडाभर मी तिथेच. ते लोक वाईट नव्हते. त्यांना माझं काय करावं ते कळत नव्हतं, आणि मला विचारायची भीती वाटत होती.

मला नकाशा नको होता. मला हवं होतं: कोणाला भेटायचं, काय घालायचं, जेवायची सुट्टी किती वाजता, कंटाळा आला तर 'मला दुसरं काही बघता येईल का' हे कोणत्या शब्दांत विचारायचं. आणि आदल्या दिवशी त्या माणसाचा एक फोन. माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्या तर अनोळखी माणसाला फोन करावा लागेल म्हणून अर्जच करत नाहीत. मेल कसा लिहायचा ते पण कोणी शिकवलेलं नाही. मी पहिला मेल 'हाय' ने सुरू केला होता.

फुरसतराव

दारावरची_घंटा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. 'निश्चित' या हिरव्या शिक्क्याचा अर्थ फक्त सर्व्हरला माहीत, हे भारी.

कुलूपकिल्ली

सुरक्षेवर कोणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. अ‍ॅपमध्ये मोठा माणूस आणि मूल यांच्यात थेट खाजगी चॅट असेल तर आजच काढा. निरोप शाळेला आणि पालकांना दिसलेच पाहिजेत. मुलांची यादी जागा देणाऱ्याला फोटोसकट चाळता येत असेल, तर तेही काढा. त्याने अर्ज बघावा, मुलं 'बघू' नयेत. जीपीएस फक्त जागेचं, मुलाचं नको.

स्वतःची माहिती वापरायला मूल स्वतः संमती देऊ शकतं ते वय देशागणिक बदलतं. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षणाच्या कायद्यात सोळा, आणि देशांना ते तेरापर्यंत खाली आणता येतं. भारताच्या २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूलच, पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई. तुम्ही 'पुढे पैसे जाहिरातीतून उभे करू' असं कुठे लिहून ठेवलं असेल, तर तो कागद फाडा.

सुईदोरा

फाडला. खरंच होता.

सगळ्यांचे आभार. दोन रात्री आम्ही चौघं बसलो. बराच वाद झाला, एक जण अजून रुसलेला आहे (नकाशा त्याने केला होता).

काय बदललं ते सांगते. जागा देणाऱ्याने आता अर्जच भरायचा नाही. तो फक्त फोन नंबर देतो, आमच्यातलं कोणीतरी फोन करतं आणि बोलता बोलता आम्हीच भरतो. फोनच्या सुरुवातीला खिळेमोळेंच्या तीन प्रश्नांची उत्तरं वाचून दाखवायची, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या विम्याचा कागद बघून लेखी मिळवलंय. त्यासाठी पंधरा दिवस गेले, म्हणून इथे गप्प होते. खडूफळांचा तिसरा रकाना आलाय, त्याला आम्ही नावही 'तिसरा रकाना' हेच ठेवलंय. हिरवा शिक्का आता तेव्हाच उमटतो जेव्हा आदल्या दिवशी त्या माणसाने मुलाशी फोनवर बोलल्याचं दोघंही सांगतात. पहिला येईल त्याला गेला, घुबडांचा प्रोग्रॅम आला. ओळखीतून आलेली जागा त्या ओळखीच्या घरातल्या मुलाला मिळत नाही, ती सगळ्यांच्या ढिगात जाते. यावर माझ्या सख्ख्या मामाने माझ्याशी बोलणं सोडलंय.

जागा सहाच्या चौदा झाल्यात. अठ्ठेचाळीस नाही झाल्या. एका फोनला वीस मिनिटं जातात आणि पाचातले चार जण 'बघू' म्हणतात. अ‍ॅप म्हणावं की फोन करणाऱ्या चार माणसांची वही, मला कळेनासं झालंय. गुंतवणूक करायला आलेल्या एका गृहस्थांनी हेच विचारलं आणि गेले.

खडूफळा

वही आहे. वाईट वाटून घेऊ नका, चांगली वही आहे.

सुईदोरा

खिळेमोळे, आगाऊपणा करतेय. नव्या यादीत एक मुलगी आहे, नववीची, पंधरा पूर्ण. घरात कोणी कारखान्यात नाही. पसंतीत पहिलं 'मशीन' लिहिलंय, दुसरं काही लिहिलेलंच नाही. व्हर्नियर बघितलाय पण वाचता येत नाही म्हणते. सोमवारपासून पाच दिवस, दिवसाला पाच तास, मशीनला हात नाही. फोन मला करायचा, मी उचलते. आमची चौकट आणि शाळेचं पत्र व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवलंय.

खिळेमोळे

पत्र वाचलं. पाठवा. रविवारी संध्याकाळी सातनंतर तिला फोन करायला सांगा, 'हाय' म्हणाली तरी चालेल. केस घट्ट बांधून यायचं, बाह्या लोंबणाऱ्या नकोत, पायात बंद बूट. आणि एक जुनी वही आणायची, नवी नको, ऑइल लागतं.